आपलं अस्वल हिवाळाभर झोपत नाही

नागभीड तालुक्यातल्या एका तरुण शेतकरी भावाचा प्रश्न आहे. त्यांच्या वावराच्या वरच्या अंगाला पहाडी आहे आणि तिथल्या कपारीत एक मादी अस्वल दोन पिल्लं घेऊन राहिली आहे. सकाळी नऊ-दहा वाजतासुद्धा ती उघड्यावर दिसते. गावातल्या पोरांनी मोबाईलवर वाचलं की काळं अस्वल हिवाळाभर झोपतं, झोपेतच त्याला पिल्लं होतात, आणि माणूस दिसला की मादी पिल्लांना झाडावर चढवून स्वतः बाजूला होते. मग ही झोपली का नाही? नर कुठे गेला? ही किती दिवस राहील, दर वर्षी इथंच येईल का? आणि मोह गळायला लागलाय, तर वेचायला जावं की नाही?

वनखात्यात माझी बहुतेक नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात झाली, त्यामुळे हे प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याचं उत्तर आधीच्या प्रश्नांत दडलेलं आहे. म्हणून जरा धीरानं वाचा.

पोरांनी वाचलं ते खोटं नाही, पण ते दुसऱ्याच अस्वलाबद्दल आहे. ते उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल. आपल्या देशातही काळं अस्वल म्हणून वेगळी जात आहे, पण ती हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, आणि तुमची ती पहाडी, इथं सगळीकडे राहतं ते निराळं, इंग्रजीत त्याला स्लॉथ बेअर म्हणतात. रंगानं तेही काळंच, म्हणून गोंधळ होतो. लांब विस्कटलेले केस, छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पांढुरका पट्टा, बोटबोट लांब नखं, आणि वरच्या जबड्यात मधले दोन दात नाहीत. त्या फटीतून ते उधई, म्हणजे वाळवी, ओढून घेतं. नाकपुड्या मिटायच्या, ओठांची नळी करायची, आधी फुंकून माती उडवायची आणि मग ओढायचं. वारुळावर बसलेल्या अस्वलाचा तो सूं-सूं आवाज शांत रानात शंभर पावलांवरूनही ऐकू येतो.

अमेरिकेतलं अस्वल झोपतं, कारण तिथं हिवाळ्यात बर्फ पडतं आणि खायला काही उरत नाही. काही भागांत ते पाच-सहा महिने गुहेत पडून असतं, अंगावरच्या चरबीवर जगतं. आपल्याकडे पौषात काय स्थिती असते? बोरी लदलेल्या असतात, वारुळं जिवंत असतात, थंडी सोसण्यापुरती असते. इथल्या नराला आणि पिल्लं नसलेल्या मादीला झोपायचं कारणच नाही, ती बाराही महिने फिरतात. हिवाळ्यात गुहा धरते ती फक्त विणारी मादी, आणि तीही झोपायला नव्हे, पिल्लांसाठी.

आता तिचं वर्ष पहिल्यापासून सांगतो. सुरुवात मृगाच्या आसपास होते. आपल्या भागात अस्वलांचा माजाचा काळ साधारण मे ते जुलै. एरवी अस्वल एकटं राहणारं जनावर, पण या दिवसांत दोन-तीन मोठी अस्वलं एका ठिकाणी दिसतात. लोक म्हणतात कुटुंब आहे. ते कुटुंब नसतं. एका मादीमागे आलेले नर असतात. त्यांच्यात भांडणं होतात, आरडाओरडा इतका की लांबच्या जागलीवरच्या माणसाला वाटावं वाघानं काहीतरी धरलंय. नर-मादी काही दिवस सोबत राहतात, मग नर आपल्या वाटेनं जातो. मादी एकाहून जास्त नरांसोबतही जुळते. पिल्लं वाढवण्यात नराचा काडीचाही वाटा नसतो. तुमचा नर कुठे गेला हा प्रश्न म्हणूनच निकालात निघतो: तो गेल्या पावसाळ्याच्या तोंडीच गेला. उलट, तो जवळपास नसलेलाच बरा. परका नर लहान पिल्लांना मारतो, कारण पिल्लं गेली की मादी पुन्हा लवकर माजावर येऊ शकते. आई नरापासून पिल्लं लपवते, हे लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

यानंतरचा भाग मला स्वतःला सगळ्यात नवलाचा वाटतो. जूनमध्ये गर्भ राहिला आणि डिसेंबर-जानेवारीत पिल्लं झाली, म्हणजे हिशोबानं सहा-सात महिने. एवढ्या दिवसांत पिल्लू चांगलं वासराएवढं नाही तरी शेळीच्या करडाएवढं तरी यायला हवं. प्रत्यक्षात जन्मतं ते मूठभर, तीनशे ते पाचशे ग्रॅमचं, आंधळं. मग बाकीचे महिने गेले कुठे? तर फळलेलं बीज काही दिवस वाढून बारीकशा गोळ्याएवढं होतं आणि तिथंच थांबतं. गर्भाशयात ते नुसतं तरंगत राहतं, भिंतीला चिकटत नाही. आपल्याकडे धूळपेरणी करतात तसं समजा: बी कोरड्या मातीत पडलेलं आहे, मेलेलं नाही, पण पाऊस पडेपर्यंत कोंब काढत नाही. पावसाळा संपून दिवस लहान होऊ लागले की ते गर्भाशयाला धरतं, आणि तिथून पुढं खरी वाढ जेमतेम दोन महिने होते.

अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचंही असंच. तिथंही मिलन उन्हाळ्यात, गर्भ धरतो नोव्हेंबरच्या सुमारास, आणि पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत जन्मतात, बहुधा दोन किंवा तीन. त्यावर तिकडे फार बारकाईनं अभ्यास झालाय. शरद ऋतूत ओकची आणि इतर झाडांची फळं पिकली नाहीत, मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली नाही, तर ते थांबलेलं बीज धरतच नाही, विरून जातं. त्या वर्षी ती मादी रिकामी राहते. जुळताना जे ठरलेलं नसतं ते पुढचे चार-पाच महिने मिळालेलं अन्न ठरवतं.

पिल्लू एवढं लहान का, याचंही कारण गुहेतल्या उपासातच शोधतात. पोटातल्या गर्भाला वाढायला साखर लागते. उपाशी आईच्या अंगावर चरबी असते, पण चरबीची साखर पुरेशी होत नाही. मग साखर करायला तिला स्वतःचं मांस जाळावं लागेल. दूध मात्र चरबीतून करता येतं. म्हणून पिल्लाला लवकर बाहेर काढायचं आणि पुढची वाढ दुधावर करायची, हा मार्ग आईला स्वस्त पडतो. अस्वलाचं दूधही म्हणूनच दाट, चरबीचं असतं.

आपल्या मादीला गर्भ पोसायला पावसाळ्यातली उधई-मुंगी आणि जे मिळेल ते फळ यांवर भागवावं लागतं. जमीन ओली असली की वारूळ फोडायला सोपं, म्हणून त्या दिवसांत तिची विष्ठा मातकट असते, फोडून पाहिली तर उधईच्या तांबूस डोक्यांचा चुरा दिसतो. पौषात तीच जागा बोराच्या आठळ्या घेतात. चैत्रात काळपट, लगदा झालेलं मोहफूल, आणि वास इतका आंबूस की वाकायची गरज नाही. पुढं टेंभरं, चारं, जांभळं, बहाव्याच्या शेंगांतला गर. अस्वलानं खाल्लेल्या कितीतरी बिया अशा रानभर पसरतात. आपल्या पोरांना जंगल शिकवायचं तर विष्ठेसारखं पुस्तक नाही, फक्त ती ताजी असेल, ओलसर चकाकत असेल, तर पुस्तक मिटून मागं फिरायचं.

मार्गशीर्ष-पौषात मादी जागा धरते. कपार, दगडांमधली पोकळी, नाल्याच्या दरडीतलं बीळ, कधी स्वतः उकरलेलं भोक. नागभीड-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या दगडी पहाड्या याच कामाच्या. पिल्लं बहुधा एक किंवा दोन, तीन क्वचित. पहिले काही आठवडे आई जवळजवळ बाहेर पडत नाही, खाणं-पिणं नावालाच. पिल्लांचे डोळे तीन आठवड्यांच्या आसपास उघडतात. दूध पिताना ती एकसुरात गुणगुणतात, मधमाश्यांचं मोहोळ दुरून ऐकल्यासारखा आवाज. डिंक, मध किंवा सरपणासाठी पहाडीवर गेलात आणि फटीतून असा आवाज आला, तर टॉर्च मारून बघायचा मोह आवरा आणि आलात त्या वाटेनं पावलं न वाजवता परत फिरा. या काळात मादीला पळायला दुसरी वाट नसते. पिल्लं चालू शकत नाहीत, ती त्यांना सोडणार नाही, आणि तोंडाशी तुम्ही उभे. कपारीच्या तोंडाशी धूर करणं, दगड टाकणं, फटाके लावणं, हे प्रकार मी पाहिलेत आणि त्यानंतरची टाके घातलेली तोंडंही पाहिलीत.

दोन ते तीन महिन्यांची झाली की पिल्लं बाहेर येतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्च. तुमच्या पहाडीवर आत्ता चाललंय ते हेच, आणि इथूनच आपलं अस्वल त्या अमेरिकेतल्या अस्वलापासून साफ वेगळं होतं. ते पिल्लांना झाडावर पाठवतं. आपली मादी पिल्लांना पाठीवर घेते. जगात अस्वलाच्या आठ जाती आहेत, त्यांपैकी पिल्लं नेहमी पाठीवर वाहून नेणारी ही एकच.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला मचाणावर बसतात, तेव्हा हे मला फार जवळून बघायला मिळालंय. मादी पाण्यावर आली, पिल्लं खाली उतरून चिखलात लुडबुडत होती. दूर कुठेतरी सांबरानं ठणकावून आवाज दिला. मादीनं मान वर केली, मागचे पाय किंचित वाकवले, एवढंच. दोन्ही पिल्लं मागच्या बाजूनं केस धरून वर. एक थेट खांद्यापाशी पोचलं, दुसरं कमरेवर. कमरेवरच्याला पुढं जायचं होतं, खांद्यावरच्यानं त्याला पंजा मारला, थोडी कुरकुर झाली, पण आई तोवर चालायला लागली होती. पिल्लांची नखं तेव्हापासूनच वाकडी आणि लांब असतात आणि आईच्या पाठीवरचे केस जास्तच दाट व लांब असतात, त्यामुळे ती पळाली तरी पिल्लू पडत नाही. सहा-नऊ महिन्यांपर्यंत ही सवारी चालते. पावसाळ्याच्या शेवटी पिल्लं इतकी मोठी होतात की आईला ओझं झालेलं आपल्यालाही दिसतं.

असं का? कारण आपल्या रानात वाघ आहे आणि झाडावर चढणारा बिबट आहे. उघड्या झुडपी माळावर जवळ चढण्याजोगं झाड असेलच असंही नाही. पिल्लू झाडावर ठेवून आई बाजूला झाली तर ते गेलंच. म्हणून हजारो वर्षांत या अस्वलाचा स्वभाव असा घडला की पिल्लं पाठीवर घ्यायची आणि समोरच्यावर तुटून पडायचं. 2018 मध्ये ताडोबात एका पाणवठ्यावर मटकासुर नावाच्या मोठ्या वाघाशी पिल्लू असलेली मादी भिडली होती. ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. वाघानं तिला खाली दाबलं, चावलं, तरी ती उठून पुन्हा पुन्हा अंगावर गेली आणि शेवटी वाघ बाजूला झाला. वाघासमोर असं वागणारी आई माणसाला वेगळा न्याय देत नाही. तिला आपण खायचे नसतो. जवळ अचानक आलेला प्राणी म्हणजे पिल्लांचा वैरी, एवढंच तिला कळतं.

म्हणून पोरांना सांगा, अमेरिकेतल्या अस्वलाबद्दलचे सल्ले इथं वापरू नका. तिथली मादी पिल्लांसाठी माणसावर क्वचितच धावते, नुसती धमकावते. आपली धावते आणि तोंडावर, डोक्यावर पंजा मारते. झाडावर चढून वाचू ही समजूत तर काढूनच टाका. मधासाठी ते उंच झाडावर सहज चढतं.

ती दिवसाढवळ्या का फिरते, याचं उत्तर आता सोपं आहे. मोठी अस्वलं रात्री जास्त हिंडतात, वाघही रात्रीच. नेपाळच्या चितवनमध्ये अस्वलांना रेडिओपट्टे लावून अभ्यास झाला, त्यात पिल्लं असलेल्या माद्या आणि कच्च्या वयाची अस्वलं इतरांपेक्षा दिवसा जास्त फिरताना आढळली. नर आणि वाघ टाळण्यासाठीच ती असं करत असावीत. तुमची मादी नऊ-दहाला दिसते म्हणून ती पिसाळलेली नाही की निर्ढावलेली नाही. ती पिल्लं सांभाळते आहे.

किती दिवस राहील? त्या कपारीत फार नाही. पिल्लं चढायला-उतरायला शिकली की ती त्यांना घेऊन हिंडते आणि मुक्काम बदलत जाते. पण भोवतालच्या रानात ती राहणारच, कारण तिचं पोट तिथं आहे. पिल्लं आईसोबत दीड ते अडीच वर्षं राहतात. वारूळ कुठलं फोडायचं, कुठली झाडं कधी फळतात, पाणी वैशाखात कुठं उरतं, सगळं ती आईमागं फिरून शिकतात. पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला हीच मादी दोन दांडग्या पिल्लांसोबत चालताना दिसेल, तेव्हा ती गुहा धरणार नाही. ती पुन्हा माजावर येईल ती बहुधा त्यापुढच्या मृगात, आणि कपार पुन्हा भरली तर त्यानंतरच्या पौषात. म्हणजे दोन पाळण्यांत दोन ते तीन वर्षांचं अंतर. मादी तीन-चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, पिल्लं एक-दोन, त्यांतली सगळी जगत नाहीत. हा हिशोब मांडला की कळतं, एक वीण देणारी मादी मेली तर त्या पहाडीचं नुकसान भरून यायला किती वर्षं लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाला वाघाच्या पंगतीला बसवलंय ते उगीच नाही.

आता मोह. इथं मी अगदी स्पष्ट बोलतो, कारण मोहाचे चार पैसे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, आणि जाऊ नका म्हणणं सोपं असतं. जा, पण सूर्य नीट वर आल्यावर. फुलं रात्री-पहाटे गळतात, म्हणून आपल्या बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात, आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली असतं. मान खाली, नाक फुलांत, स्वतःच्याच फुसफुशीत त्याला तुमची चाहूल लागत नाही. त्याची नजर बेताची, कानही फार तिखट नाहीत, नाकच काय ते पक्कं. वारा उलटा असला की दोघंही दहा पावलांवर येईपर्यंत बेखबर. बहुतेक हल्ले असे होतात. फुलं ऊन लागल्यावर थोडी सुकतात, काही अस्वल खाऊन जातं, तो तोटा सोसा. एकटीदुकटीनं नको, चार-पाच जणींनी मिळून, बोलत-खाकरत जायचं, काठी दगडावर आपटत जायचं. झाडाखाली वाकण्याआधी भोवतालची झुडपं बघून घ्यायची. त्या कपारीजवळची झाडं या वर्षी सोडून द्या, पिल्लं पाठीवर आहेत तोवर तरी. कुत्रा सोबत नेऊ नका. तो अस्वलाला छेडतो आणि मग तुमच्याच पायाशी पळून येतो, त्यामागं अस्वल. पुढं तेंदूपत्त्याच्या हंगामातही हेच नियम, कारण तेंदूच्या झुडपात पान तोडणारा माणूस वाकलेला असतो आणि त्याला समोरचं दिसत नाही.

ती दिसली, अंतर असलं, तर पाठ न फिरवता हळूहळू मागं सरा. धावू नका, ती तुमच्याहून वेगवान आहे. ती अंगावर आलीच आणि सुटका नाही असं झालं, तर पालथं पडा, दोन्ही हात मानेमागं घट्ट गुंफा, तोंड मातीत दाबा आणि ती जाईपर्यंत तसेच राहा. तोंड आणि मान वाचवणं हेच सगळं. जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जायचंच, रेबीजची लस घ्यायचीच.

आणखी एक, पोरांसाठी. उन्हाळ्यात कधी एखादं पिल्लू एकटं, ओरडत सापडतं. उचलू नका, पाणी पाजू नका, फोटोसाठी घेरू नका. आई बहुधा जवळपासच्या झुडपात असते आणि तुम्ही गेलात की येते. गर्दी झाली तर तिला येता येत नाही आणि मग तेच पिल्लू पिंजऱ्यात आयुष्य काढतं. जागा लक्षात ठेवा, लांब व्हा, तुमच्या बीटच्या वनरक्षकाला नाहीतर 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा. पिल्लाला आईशी परत जुळवायला पहिली रात्र फार मोलाची असते, म्हणून कळवायला सकाळची वाट बघू नका.

तुमच्या वनरक्षकाला कपारीबद्दल आजच सांगून ठेवा. पिल्लं किती, कधी पहिल्यांदा बाहेर दिसली, पाठीवर आहेत की पायी, हे तारीख टाकून वहीत लिहा. मोह संपेपर्यंत त्या बाजूच्या वाटेवर चुन्यानं खूण करून रोज सकाळी गावात सांगत जा की मादी आज कुठं दिसली.